पक सुटण्याआधी: आइस हॉकीच्या गोलरक्षणाचे विज्ञान

आइस हॉकीचा पक म्हणजे व्हल्कनाइझ केलेल्या कडक रबराची चकती होय. तिचा व्यास ७.६२ सेंटिमीटर, जाडी २.५४ सेंटिमीटर आणि वजन १५६ ते १७० ग्रॅम असते. नागपुरात विदर्भ हॉकी असोसिएशनच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांना हे वजन ओळखीचे वाटेल, कारण मैदानी हॉकीचा चेंडूही १५६ ते १६३ ग्रॅमचाच असतो. गोल मात्र फार वेगळा आहे. मैदानी हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच, तर आइस हॉकीचा केवळ १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच असतो. म्हणजेच बर्फावरच्या गोलरक्षकाला साधारण साडेतीन पटींनी कमी क्षेत्रफळ राखायचे असते, शिवाय त्याच्या अंगावर रुंद पॅड, मोठा हातमोजा आणि जाड छातीकवच असते. एवढे असूनही हे काम अतिशय अवघड मानले जाते, आणि त्यामागचे पहिले कारण वेग हे आहे.

स्टिक मागे उचलून मारलेल्या जोरकस फटक्याचा, म्हणजे स्लॅप शॉटचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या घरात जातो. झ्डेनो चारा या खेळाडूने २०१२ मध्ये एका कौशल्य स्पर्धेत ताशी १७५ किलोमीटरचा टप्पा ओलांडला होता. गोलपासून साधारण १९.५ मीटरवर असलेल्या निळ्या रेषेवरून १६० च्या वेगाने मारलेला पक गोलपर्यंत ०.४४ सेकंदात पोहोचतो, तर सहा मीटरवरून ताशी १२० किलोमीटर वेगाने निघालेल्या पकाला ०.१८ सेकंद पुरतात. डोळ्यांना काही दिसल्यापासून स्नायू हलायला लागेपर्यंतच माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. हात उचलायचा की पाय टाकायचा हा निर्णय त्यात धरला, तर वेळ आणखी वाढते, आणि प्रत्यक्ष हालचालीची वेळ त्याहून निराळी. जवळून मारलेला पक ‘पाहून मग अडवणे’ हे या हिशेबात बसतच नाही. तरीही उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये गोलरक्षक दहापैकी साधारण नऊ फटके अडवतात. याचा अर्थ असा की, त्यांचे बरेचसे काम पक स्टिकवरून सुटण्यापूर्वीच झालेले असते. ते काम म्हणजे योग्य जागी उभे राहणे आणि योग्य ठिकाणी पाहणे. या दोन्ही गोष्टी शिकण्यासाठी बर्फ लागत नाही, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या, आइस हॉकीचे रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान नसलेल्या नागपूरसारख्या शहरात हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

जागेचा प्रश्न शुद्ध भूमितीचा आहे. पकाच्या जागी एक छोटा दिवा ठेवला आहे अशी कल्पना करावी. गोलरक्षकाची सावली गोलच्या जाळीवर जिथे पडेल तो भाग सुरक्षित, आणि जिथे उजेड पडेल तो भाग उघडा. गोलरक्षक दिव्याच्या दिशेने पुढे सरकला की त्याची सावली मोठी होते. पक गोलच्या मध्यबिंदूसमोर दहा मीटरवर असेल आणि गोलरक्षक गोलरेषेवरच उभा असेल, तर त्याला पूर्ण १.८३ मीटर रुंदी झाकावी लागते. तोच दीड मीटर पुढे आला, तर १.५६ मीटर रुंदी झाकली तरी काम भागते. उंचीचा हिशेबही समरूप त्रिकोणांचाच असल्याने १.२२ मीटरऐवजी १.०४ मीटर पुरतात. गुडघ्यांवर बसलेल्या प्रौढ खेळाडूचे खांदे साधारण तेवढ्याच उंचीवर येतात, आणि म्हणूनच गुडघ्यांवर येऊनही वरचा भाग उघडा पडत नाही. नवख्याला हे पटत नाही, कारण तो आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहतो आणि आपल्या डोक्यामागे केवढी तरी मोकळी जागा आहे असे त्याला वाटते. पक मात्र जमिनीलगत असतो, आणि हिशेब त्याच्या जागेवरून करायचा असतो.

हे तपासण्याची सोपी रीत जगभरचे प्रशिक्षक वापरतात, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्येही ती करता येते. जमिनीवर खडूने १.८३ मीटर रुंदीचा गोल आखावा, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक दोरी बांधावी आणि त्या दोऱ्यांची मोकळी टोके पकाच्या जागी एकत्र धरावीत. दोऱ्यांच्या मधला त्रिकोण हेच गोलरक्षकाचे राज्य. पक धरणाऱ्याने जागा बदलत जावे आणि दर वेळी आपले शरीर त्या त्रिकोणाच्या बरोबर मध्यावर, पकाकडे सरळ तोंड करून आहे का, हे गोलरक्षकाने पाहावे. पकाच्या जागी मोबाइल जमिनीवर ठेवून छायाचित्र घेतले, तर कोणत्या खांद्यावरून किंवा कोणत्या काखेखालून जाळी दिसते ते लगेच कळते. माझ्या मते नवशिक्याने पहिले काही आठवडे केवळ एवढेच केले तरी चालेल, कारण चुकीच्या जागी उभ्या असलेल्या चपळ माणसापेक्षा बरोबर जागी उभा असलेला मंद माणूस अधिक फटके अडवतो.

मात्र ‘पुढे या’ हा सल्ला अर्धाच आहे. समोरच्या खेळाडूने फटका न मारता आडवा पास दिला, तर गोलरक्षकाला गोलच्या मध्याभोवतीच्या वर्तुळावरून नव्या जागी जावे लागते. पास दिल्याने पकाची दिशा ६० अंशांनी बदलली असे समजू. अशा वेळी गोलच्या मध्यापासून दोन मीटर पुढे असलेल्याला सरळ रेषेत दोन मीटर सरकावे लागते, आणि एकच मीटर पुढे असलेल्याला एक मीटर. दरम्यान पक बर्फावरून आठ मीटरचे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापू शकतो. म्हणून पास देण्याजोगा दुसरा खेळाडू मोकळा असेल, तर गोलरक्षकाने थोडे मागे, म्हणजे गोलसमोर आखलेल्या १.८३ मीटर त्रिज्येच्या निळ्या क्षेत्राच्या (क्रीजच्या) आतच राहणे शहाणपणाचे असते, आणि हल्ला करणारा एकटाच असेल तेव्हा पुढे येणे फायद्याचे ठरते. किती पुढे यायचे याचे एकच एक उत्तर नाही, आणि तसे उत्तर देणाऱ्या प्रशिक्षकाकडे जरा संशयाने पाहावे.

आता नजरेविषयी. कॅल्गरी विद्यापीठातील डेरेक पॅंचुक आणि जोन व्हिकर्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुशल गोलरक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली उपकरणाने टिपल्या होत्या. हे गोलरक्षक फटका मारणाऱ्याचा चेहरा किंवा धड फारसे पाहत नव्हते. त्यांची नजर प्रामुख्याने पक आणि स्टिकचे पाते यांवर खिळलेली होती. पक अडवला गेला त्या वेळी ही शेवटची स्थिर नजर अधिक लवकर सुरू झालेली आणि अधिक काळ टिकलेली आढळली. त्याआधी, १९७९ मध्ये साल्मेला आणि फिओरितो यांनी तरुण गोलरक्षकांना फटक्यांची चित्रफीत दाखवून ती पक सुटण्यापूर्वीच थांबवली होती, तेव्हाही पक कुठे जाईल याचा अंदाज त्यांना काही प्रमाणात करता आला. म्हणजे पात्याचा कोन, मनगटांची वळण्याची दिशा आणि स्टिक मागे नेण्याची लांबी यांत पुढची बातमी आधीच दडलेली असते. स्लॅप शॉटमध्ये स्टिक मागे उचलली जाते, त्यामुळे सूचना मिळायला अवधी असतो. रिस्ट शॉटमध्ये पक पात्याला चिकटूनच पुढे ओढला जातो आणि खूण शेवटच्या क्षणी, पाते उघडताना (वर कलताना) किंवा मिटताना (पकावर झुकताना) दिसते.

यावरून सरावाविषयी एक अप्रिय निष्कर्ष निघतो. टेनिसचा चेंडू भिंतीवर मारून झेलणे, तीन चेंडू हवेत खेळवणे किंवा मोबाइलवर चमकणाऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवणे यांमुळे माणूस प्रामुख्याने त्या-त्या गोष्टीतच तरबेज होतो; भिंतीला ना मनगट असते ना पाते. शरीर गरम करण्यासाठी हे खेळ ठीक आहेत. त्याऐवजी खरी स्टिक हातात घेतलेल्या माणसासमोर, रोलर स्केट घालून वा साध्या बुटांत, हलक्या चेंडूनेही केलेला सराव अधिक उपयोगी ठरतो. सामन्यांच्या चित्रफिती पक सुटण्याच्या क्षणी थांबवून दिशा आधी बोलून दाखवणे आणि मग पुढचे पाहणे, हा अभ्यास घरबसल्या, पंख्याखाली बसून करता येतो.

नागपुरात जे शिकता येणार नाही, ते म्हणजे बर्फावरचे सरकणे. स्केटचे पाते आणि बर्फ यांच्यातील घर्षणांक ०.०१ पेक्षाही कमी असतो. शरीराच्या वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्यामुळे पाते घसरते, असे स्पष्टीकरण अनेक वर्षे शिकवले गेले. पण त्या दाबाने वितळणबिंदू इतका थोडा खाली येतो की उणे पाच अंशांच्या आसपास राखलेल्या रिंकचा उलगडा त्याने होत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात आणि तिथे द्रवासारखा अतिशय पातळ थर असतो, ही कल्पना मायकेल फॅरेडे यांनी १८५० च्या सुमारासच मांडली होती. घर्षणाने निर्माण होणारी उष्णताही तिला हातभार लावते. गोलरक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की पाते लांबीच्या दिशेने जवळजवळ विनाअडथळा घसरते, पण आडव्या दिशेने त्याची आतली धार बर्फात रुतते, आणि त्या रुतलेल्या धारेला रेटूनच बाजूला जाता येते. सुरुवात करण्यापेक्षा थांबणे अधिक कठीण असते. साहित्यासह शंभर किलोच्या घरात जाणारे शरीर एका बाजूला सरकत असताना फटका उलट बाजूला आला, तर आधी तो संवेग मोडावा लागतो, आणि तेवढा अवधी नसतो. म्हणून पक सुटण्यापूर्वी पोहोचून स्थिर झालेले असणे हे हातांच्या वेगापेक्षा मोलाचे असते. रोलर स्केटच्या चाकांना अशी रुतणारी धार नसते आणि कृत्रिम प्लॅस्टिकच्या फरशीचे घर्षण बर्फापेक्षा बरेच जास्त असते, त्यामुळे या पर्यायांवर बसलेली सवय बर्फावर नव्याने घडवावी लागते. त्यासाठी डेहराडूनचे बंदिस्त रिंक किंवा हिवाळ्यातले लडाख गाठण्यावाचून इलाज नाही. भारतीय महिला संघाने २०२५ च्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवले, त्यामागेही लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर वाढलेल्या मुलींचा मोठा वाटा आहे.

गुडघे एकमेकांजवळ आणून पोटऱ्या दोन्ही बाजूंना पसरण्याच्या पद्धतीला बटरफ्लाय म्हणतात. गोलरक्षक ग्लेन हॉल यांनी ती रुळवली आणि पुढे गोलरक्षक पॅट्रिक रॉय यांच्या काळात ती सर्वमान्य झाली. चेहरा पकाच्या मार्गात आणणारी ही पद्धत मुखवट्याशिवाय रुजली असती असे वाटत नाही. गोलरक्षक जाक प्लांट यांनी १ नोव्हेंबर १९५९ रोजी अँडी बाथगेट यांचा फटका तोंडावर बसल्यानंतर मुखवटा घालूनच खेळायला परत येण्याचा हट्ट धरला, तेव्हापासून त्याचा प्रसार झाला. या पद्धतीची किंमत खुब्याचा सांधा मोजतो. मांडीचे हाड आत फिरवून वारंवार खाली आदळल्याने हाडाचे डोके आणि खोबण एकमेकांवर घासू लागण्याचा त्रास गोलरक्षकांमध्ये विशेष आढळतो. वाढत्या वयातील मुलांकडून शेकडो बटरफ्लाय करून घेण्याऐवजी नितंबाचे आणि मांडीच्या आतले स्नायू बळकट करणे, आणि खुब्यात दुखू लागताच थांबवून तपासणी करून घेणे योग्य. विदर्भाच्या उन्हाळ्यात आणखी एक पथ्य आवश्यक आहे: पंधरा-वीस किलोच्या साहित्याखाली घाम वाळत नाही आणि शरीराचे तापमान वेगाने चढते, म्हणून पूर्ण साहित्याचा सराव पहाटेच, थोडा वेळ करावा.

प्रगती झाली की नाही हे मोजायचे कसे, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. दर फटका अडवण्याची शक्यता ९० टक्के असलेल्या गोलरक्षकावर सामन्यात २५ फटके आले, तर सरासरी अडीच गोल होतील. पण संभाव्यतेच्या नियमानुसार त्यात दीड गोलाची चढउतार केवळ योगायोगाने होते, म्हणजे एकदा एक गोल आणि एकदा चार गोल झाले तरी त्याचे कौशल्य तेच असू शकते. हजार फटक्यांनंतरसुद्धा ही अनिश्चितता जवळजवळ एक टक्का उरते, आणि श्रेष्ठ व साधारण गोलरक्षकांमधले अंतर दोन-तीन टक्क्यांचेच असते; गोलरक्षक डॉमिनिक हाशेक यांच्या १९९८-९९ च्या गाजलेल्या हंगामात अडवलेल्या फटक्यांचा आकडा ९३.७ टक्के होता. म्हणून एका सामन्यात किती गोल झाले यावरून गोलरक्षकाची पारख करू नये. प्रत्येक फटक्यामागे तीन गोष्टी टिपाव्यात: पक सुटताना पाय स्थिर होते का, शरीर पकासमोर सरळ होते का, आणि अडवलेला पक कोपऱ्याकडे गेला की पुन्हा समोरच्या खेळाडूच्या स्टिकवर. या तिन्हींवर नशिबाचा प्रभाव गोलांच्या आकड्यापेक्षा खूपच कमी असतो, त्यामुळे काही सामन्यांच्या नोंदींतूनही बदल दिसू लागतो.