विष गेलं, मोजपट्टीही गेली

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळहून बारा सीलबंद कंटेनर निघाले आणि अडीचशे किलोमीटरवरच्या पिथमपूरला पोचले. युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्याच्या आवारात पडून असलेला ३३७ टन कचरा त्यात होता. जूनअखेरपर्यंत तो भट्टीत जाळूनही झाला. बातमी वाचून माझ्या ओळखीतले एक चांगले शिकलेले गृहस्थ म्हणाले, "चला, चाळीस वर्षांनी तो गॅस गेला एकदाचा!"

गॅस डिसेंबर १९८४ मधल्या गळतीच्या रात्रीच गेला होता. कंटेनरमध्ये होती ती दूषित माती आणि कीटकनाशकांच्या उत्पादनातून उरलेली घाण. ती विषारीच, पण तिचा त्या रात्रीशी संबंध नाही. त्या रात्रीचा मिथाइल आयसोसायनेट (पुढे नुसतं एमआयसी म्हणतो) चाळीस वर्षं सोडा, चाळीस दिवसही कुठे टिकला नसता. तो विलक्षण उतावळा रेणू आहे. वाचलेल्या लोकांचं पुढे काय झालं, हे सांगणं इतकं अवघड का होऊन बसलं, त्याचं उत्तर मला या उतावळेपणातच दिसतं.

शाळेतलं रसायनशास्त्र थोडं आठवा. एमआयसीच्या रेणूत एक कार्बन अणू नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये अडकलेला असतो. हे दोन्ही शेजारी इलेक्ट्रॉनचे हावरे. दोघं दोन्ही बाजूंनी ओढतात आणि मधला कार्बन भुकेला राहतो. जवळ कुणाकडे इलेक्ट्रॉनची फालतू जोडी दिसली, की तो तिच्यावर झडप घालतो. अशी जोडी पाण्याकडे असते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं तेव्हा हेच झालं. एमआयसी आणि पाणी यांच्यातून मिथाइल अमाइन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, आणि भरपूर उष्णता बाहेर पडते. एमआयसीचा उत्कलनबिंदू फक्त ३९ अंश सेल्सिअस. टाकी तापली, दाब वाढला आणि मध्यरात्रीनंतर सुमारे ४० टन माल हवेत गेला. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ दुप्पट जड, त्यामुळे ती वर न जाता वस्त्यांमधून जमिनीलगत सरकत राहिली.

आता खरा पेच. इतका उतावळा रेणू नाकातोंडातल्या, डोळ्यांतल्या, फुप्फुसातल्या ओलाव्याशीच भिडून संपायला हवा. डोळे आणि फुप्फुसं जळाली, हे समजतं. पण पोटातल्या गर्भांचं काय? संशोधक दया वर्मा यांनी कारखान्याजवळच्या वस्त्यांमध्ये केलेल्या पाहणीत त्या वेळी गरोदर असलेल्या ८६५ स्त्रियांपैकी ४३ टक्के स्त्रियांच्या पोटी जिवंत मूल जन्माला आलं नाही. हा रेणू फुप्फुस ओलांडून पुढे गेलाच कसा?

याचं जे एक उत्तर सापडलं, ते मला आजही थक्क करतं. आपल्या पेशींमध्ये ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू मुबलक असतो. त्याच्या अंगावर गंधक आणि हायड्रोजन यांची एक जोडी असते. कुठलाही आगाऊ, विषारी रेणू आत आला की ग्लुटाथायोन त्याला मिठी मारतं आणि शरीराबाहेर काढायच्या वाटेला लावतं. थोडक्यात, तो घरचा राखणदार. एमआयसीलाही त्याने मिठी मारली. पण भुकेला कार्बन प्रथिनांतल्या नायट्रोजनला चिकटला तर तो बंध पक्का बसतो, गंधकाला चिकटला तर तो कच्चा राहतो. कच्चा बंध पुन्हा सुटतो. म्हणजे राखणदार चोराला पकडतो, त्याची बखोट धरून रक्तातून फिरतो आणि भलत्याच खोलीत गेल्यावर हात सैल सोडतो! चोर पुन्हा मोकळा, आणि तोही अशा ठिकाणी जिथे त्याला एकट्याने कधीच पोचता आलं नसतं. ही कल्पनाभरारी नव्हे. १९९० मध्ये अमेरिकी संशोधकांनी एमआयसी दिलेल्या उंदरांच्या पित्तात ग्लुटाथायोन आणि एमआयसी यांची ही जोडी प्रत्यक्ष ओळखून दाखवली. त्याआधी किरणोत्सारी कार्बनची खूण केलेला एमआयसी गिनीपिगना हुंगवला होता, तेव्हा ती खूण काही मिनिटांतच त्यांच्या रक्तात सापडली होती.

पक्क्या बंधांचीही एक खूण राहते. हिमोग्लोबिनच्या साखळीच्या टोकाला व्हॅलिन हे अमिनो आम्ल असतं, त्याच्या नायट्रोजनला एमआयसी कायमचा चिकटतो. कुणाच्या शरीरात किती विष गेलं, हे त्यावरून मोजता येऊ शकतं. मात्र तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. १९८५ चा उन्हाळा आला तोवर ही नोंदवही पुसली गेली होती.

मग कोण किती बाधित, हे ठरवायचं कसं? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) शहराच्या ५६ पैकी ३६ वॉर्ड बाधित धरले आणि पहिल्या काही दिवसांतल्या मृत्यूंवरून त्यांचे तीव्र, मध्यम, सौम्य असे पट्टे पाडले. हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून मी दोष देत नाही. पण यातली मेख पाहा. मृत्यूवरून मात्रा ठरवली आणि त्याच मात्रेवरून पुढचे मृत्यू समजून घ्यायचे. शिवाय एकाच गल्लीत धावत सुटलेल्या माणसाने धापा टाकत कितीतरी जास्त विष ओढलं असेल आणि दारं-खिडक्या बंद करून थांबलेल्याने कमी. पट्टा दोघांचा एकच.

(अमक्या कुटुंबाने होम पेटवला म्हणून ते वाचलं, हा मेसेज दर डिसेंबरला फिरतो. त्याच रात्री वाऱ्याच्या उलट्या दिशेला राहणारे हजारो लोक काहीही न पेटवता वाचले, त्यांचा मेसेज कुणी करत नाही.)

दुसरी अडचण वाचलेल्यांच्या निवडीची. समजा, एका वस्तीतले दमेकरी, म्हातारे आणि अशक्त लोक पहिल्या आठवड्यातच गेले. उरले ते मुळात काटक. शेजारच्या न बाधलेल्या वस्तीत मात्र अशक्त माणसंही हयात आहेत. दहा वर्षांनी दोन्हीकडचे मृत्यू मोजले तर आकडे सारखे निघू शकतात, आणि कुणीतरी आनंदाने जाहीर करतं की वायूचा दीर्घकालीन परिणाम नाही. त्यात आयसीएमआरने सुरुवातीला निवडलेल्या सुमारे ८० हजार बाधितांपैकी बरेच जण पुढे घरं बदलून, शहर सोडून पाहणीतून निसटले. जे निसटले ते जास्त आजारी होते की कमी, हे आकडे सांगत नाहीत. म्हणून जगण्या-मरण्याच्या तक्त्यांपेक्षा मला १९९४ ची आंतरराष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची छोटी पाहणी जास्त बोलकी वाटते. ४५४ प्रौढांची घरं कारखान्यापासून किती दूर होती ते पाहून त्यांचा श्वास मोजला. जितकं घर जवळ, तितक्या फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिका जास्त चोंदलेल्या. दहा वर्षांनंतरही.

इटलीतल्या सेवेसोजवळ १० जुलै १९७६ रोजी एका कारखान्यातून डायॉक्सिन हे विष हवेत उडालं, त्याची गोष्ट उलटी. डायॉक्सिन आळशी. ते चरबीत जाऊन बसतं आणि निम्मं व्हायलाच सात-आठ वर्षं घेतं. तिथले संशोधक पाओलो मोकारेल्ली यांनी हजारो लोकांचं रक्त तेव्हाच गोठवून ठेवलं होतं. रक्तातलं डायॉक्सिन नेमकेपणाने मोजायचं तंत्र दहाएक वर्षांनी आलं, आणि एकेका माणसाची मात्रा मोजता आली. भोपाळमध्ये कुणी रक्त गोठवून ठेवलं, तरी त्यात एमआयसी सापडलाच नसता. सापडल्या असत्या त्या हिमोग्लोबिनवरच्या खुणा, तेही पहिल्या चार महिन्यांत घेतलेल्या रक्तात.

२०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी एक चतुर वाट काढली. रक्तात खूण नाही ना, मग जन्मतारीखच मोजपट्टी धरायची! १९८५ मध्ये जन्मलेले बहुतेक लोक वायुगळतीच्या वेळी पोटात होते. आधी जन्मलेल्यांशी, नंतर जन्मलेल्यांशी आणि दूर राहणाऱ्यांशी त्यांची तुलना केली. त्यासाठी वेगळे रुग्ण शोधायची गरज नव्हती, सरकारी सर्वेक्षणांतली माहिती होतीच. भोपाळपासून १०० किलोमीटरच्या आत १९८५ साली मुलगे कमी जन्मले. त्या वर्षी जन्मलेल्या पुरुषांमध्ये कामात अडथळा आणणारं अपंगत्व जास्त आढळलं आणि कर्करोगाचा धोका सुमारे आठपट. मथळ्यांनी अर्थातच 'आठपट' उचललं. तिशीत कर्करोग मुळात विरळा, त्यामुळे हा आकडा थोड्याच रुग्णांवर उभा आहे. शंभर किलोमीटरचं वर्तुळही मला फार ऐसपैस वाटतं. पण मुलगे कमी जन्मल्याचा निष्कर्ष अशा मोजक्या रुग्णांवर अवलंबून नाही. शिवाय पट्ट्यांचा घोळ इथे टळतो, कारण जन्मतारीख मृत्यूंवरून ठरवलेली नाही. ते १९८५ चे पुरुष आता चाळिशीत आहेत. कर्करोग या वयापासून पुढे वाढत जातो, त्यामुळे पुढच्या सर्वेक्षणांत त्या आठपटीचं खरंखोटं जास्त रुग्णांवर तपासता येईल.