खान्देशातून डाएटिशियन व्हायचंय? पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता आणि कागदपत्रं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून डाएटिशियन होण्याबद्दल चौकशी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "किती टक्के लागतात?" टक्क्यांवर फार कमी जणांचं अडतं. बऱ्याच ठिकाणी खुल्या प्रवर्गाला पन्नास टक्क्यांच्या आसपासची अट असते आणि राखीवला थोडी सवलत मिळते. खरं अडतं ते पदवीच्या विषयावर, आणि ते कळतं तेव्हा पदवीची तीन वर्षं संपलेली असतात. म्हणून हे बारावीला आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला असणाऱ्यांनी आधी वाचावं.

एम.एस्सी. क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स, एम.एस्सी. फूड सायन्स अँड न्यूट्रिशन किंवा पी.जी. डिप्लोमा इन डाएटेटिक्स यांसाठी सरळ वाट म्हणजे बी.एस्सी. होम सायन्स, किंवा न्यूट्रिशन, डाएटेटिक्स, फूड सायन्स यांतली पदवी. मायक्रोबायॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, झूलॉजी अशा विषयांतली बी.एस्सी. काही संस्थांना चालते, काहींना नाही. चालत असली तरी पुढे व्यावसायिक नोंदणीच्या वेळी पदवीचा विषय पुन्हा पाहिला जातो, त्यामुळे तिथले नियमही प्रवेशाआधीच वाचून घ्या. आपल्याकडे अनेक मुली गावाजवळचं कॉलेज म्हणून बी.ए.ला गृहअर्थशास्त्र घेतात. त्यात पोषणाचे धडे असतात, शिक्षिकाही मनापासून शिकवतात, पण ती कला शाखेची पदवी आहे. एम.एस्सी.च्या दारात ती सहसा चालत नाही. हे मुलीला बारावीच्या सुट्टीतच कुणीतरी सांगायला हवं. बारावी सायन्सला बायॉलॉजी सोडू नका, हेही त्याच वेळी सांगावं.

दुसरी मोठी अडचण घरी बसून शिकण्याची. लग्न झालेल्या, नोकरी करणाऱ्या किंवा शहरात राहण्याचा खर्च न झेपणाऱ्या अनेकींना दूरस्थ अभ्यासक्रम हाच आधार वाटायचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून फूड अँड न्यूट्रिशन सायन्स आणि क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स हे विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. त्यामागे २०२१ चा राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा आहे. डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट हे दोन्ही व्यवसाय त्या कायद्याच्या यादीत आहेत. त्यामुळे "घरबसल्या डाएटिशियन व्हा" अशी जाहिरात आता कुणी दाखवली, तर फी भरण्याआधी ही तारीख लक्षात ठेवा. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्समधून माहिती मिळेल, पण तेवढ्यावर रुग्णालयातल्या डाएटिशियनच्या पदासाठी पात्र होता येत नाही.

कुठे अर्ज करायचा?

मुलींसाठी एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचं मुंबईतलं जुहू कॅम्पस आहे. मुंबईतच निर्मला निकेतन, नागपूरला एल.ए.डी. कॉलेज. परभणीच्या कृषी विद्यापीठातही सामुदायिक विज्ञानाचं (म्हणजे पूर्वीच्या गृहविज्ञानाचं) महाविद्यालय आहे. नवापूर-नंदुरबारकडच्यांना बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ मुंबईइतकंच सोयीचं पडतं आणि तिथला गृहविज्ञान विभाग जुना, नावाजलेला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत एम.एस्सी. अप्लाइड न्यूट्रिशन आहे, त्यासाठी संस्थेची वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दिल्लीच्या लेडी आयर्विन कॉलेजसाठी सी.यू.ई.टी. पी.जी. ही देशपातळीवरची सामाईक पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. या परीक्षांचे अर्ज पदवीच्या शेवटच्या सत्राचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी सुटतात. निकालाची वाट पाहत बसलात तर मुदत निघून जाते. शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज भरता येतो.

आरक्षणाचं गणित राज्याची हद्द ओलांडली की बदलतं. बडोद्यात महाराष्ट्राच्या ओबीसी दाखल्यावर गुजरातच्या राखीव जागा मागता येत नाहीत. केंद्रीय संस्थांसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. सेतू केंद्रावर अर्ज करतानाच "केंद्राचा नमुना" असं स्पष्ट सांगा, नाहीतर राज्याचाच दाखला हातात येतो.

कागदपत्रं

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, अधिवास प्रमाणपत्र हे नेहमीचं. एबीसी आयडी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधला तुमचा क्रमांक) नसेल तर तो आधी काढा, आता बहुतेक विद्यापीठं मागतात. शिक्षणात खंड असेल तर गॅप प्रतिज्ञापत्र.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून पदवी घेतली असेल आणि दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल, तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. ते निकालानंतरच निघतं. प्रवेशाच्या दिवशी हातात नसेल तर मुदत मागून हमीपत्र देता येतं का, हे आधीच विचारून घ्या.

खरा त्रास नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, वडिलांच्या नावापुढे एकीकडे "भाई" आणि दुसरीकडे नाही, लग्नानंतर आधार बदललेलं पण पदवी माहेरच्या नावाची. तपासणीच्या टेबलावर बसलेला माणूस गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर पाहतो. लग्न झालं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवाच, आणि आधारवरची चूक प्रवेशाच्या दोन महिने आधी दुरुस्त करून घ्या.

राखीव प्रवर्गासाठी जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता लागते. अनुसूचित जमातींसाठी तपासणी समिती वेगळी आहे आणि तिथे वेळ लागतो. वैधतेचा अर्ज पदवीच्या दुसऱ्या वर्षात टाकणं शहाणपणाचं. नॉन-क्रीमी लेअर कधीपर्यंत वैध आहे तेही पाहा, मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश होतात जून-जुलैत. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून, चालू वर्षाचा.

पैशाची काळजी असणाऱ्यांनी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज प्रवेश झाल्याबरोबर भरावा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि ओबीसी, भटक्या विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. कोणता अभ्यासक्रम कोणत्या योजनेत बसतो हे संस्थेच्या शिष्यवृत्ती विभागात विचारूनच ठरवा.

जिथे मुलाखत असते तिथे आपल्या मुलांनी घाबरून पाठ केलेलं बोलू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाचा आहार सांगा म्हटलं की पुस्तकातला सफरचंद-ओट्सचा तक्ता पुढे येतो. तुम्ही रावेर-यावलचे असाल तर केळ्यावर बोला. मूत्रपिंडाच्या अनेक रुग्णांना पोटॅशियम बेतानंच घ्यावं लागतं. मध्यम आकाराच्या एका केळ्यात ते चारशेच्या आसपास मिलिग्रॅम असतं, आणि ज्याच्या बांधावर केळीचे घड लटकलेत त्या रुग्णाला ते बंद करायला कसं सांगाल, यावर तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद दळलेला असतो, म्हणजे धान्य आणि डाळ एकाच घासात. त्याचं प्रथिनाच्या दृष्टीने काय महत्त्व, हे समजावून सांगा. धडगाव-अक्कलकुव्याकडचं कुपोषण आणि सिकलसेल तुम्ही जवळून पाहिलं असेल तर तेही सांगा. राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते चाळून गेलात तर आकडे चुकणार नाहीत.

प्रवेश घेताना संस्थेला एक प्रश्न नक्की विचारा: इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात आणि किती महिन्यांची? इंडियन डायटेटिक असोसिएशन या आहारतज्ज्ञांच्या संघटनेच्या रजिस्टर्ड डाएटिशियन परीक्षेला बसायचं तर रुग्णालयातली इंटर्नशिप झालेली असावी लागते, आणि सध्या सहा महिन्यांची धरून चालावं. अभ्यासक्रमात ती कमी असेल तर उरलेले महिने स्वतः जागा शोधून पूर्ण करावे लागतात. ती कुठे केली तर ग्राह्य धरली जाईल, हे असोसिएशनकडे लेखी विचारून मगच रुजू व्हा.