उत्रेख्तचं हवामान

उत्रेख्त हे नेदरलँड्सच्या साधारण मध्यावरचं शहर, ५२ अंश उत्तर अक्षांशावर. हवामान समशीतोष्ण सागरी, कोपेन या शास्त्रज्ञाच्या हवामान वर्गीकरणात सीएफबी (कोरडा ऋतू नाही, उन्हाळा फार कडक नाही). समुद्र सुमारे ५० किमी लांब आहे पण मध्ये एकही डोंगर नाही, त्यामुळे नैऋत्येचा वारा सरळ आत येतो आणि या अक्षांशाच्या मानाने हिवाळा बराच सौम्य राहतो.

शहराचे म्हणून जे आकडे सगळीकडे दिसतात ते खरं तर शेजारच्या डे बिल्ट गावातले. डच हवामान संस्था हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी १८५४ मध्ये उत्रेख्तमध्येच, जुन्या तटबंदीवरच्या सोनेनबर्ग वेधशाळेत सुरू केली, १८९७ ला ती डे बिल्टला गेली.

१९९१ ते २०२० ची सरासरी बघितली तर वर्षाचं तापमान १०.५ अंश, जानेवारी ३.६, जुलै १८.३. पाऊस वर्षाला ८४० मिमीच्या आसपास, पण पावसाळा असा वेगळा ऋतू नाहीच, बाराही महिने थोडा थोडा पडतो, एप्रिल त्यातल्या त्यात कोरडा. हिवाळ्यात दिवसचे दिवस मळभ आणि रिपरिप, उन्हाळ्यात मात्र उकाडा वाढला की विजांसकट एकदम सर येते. डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा, जूनमध्ये पावणेसतरा.

उष्णतेच्या लाटेची डच व्याख्या फार काटेकोर आहे: डे बिल्टला सलग किमान पाच दिवस कमाल तापमान २५ अंश किंवा जास्त, त्यातले किमान तीन दिवस ३० किंवा जास्त. म्हणजे देशात लाट आली की नाही हे एका हिरवळीवरचा थर्मामीटर ठरवतो, आणि वाद तिथेच आहे. १९५० पर्यंत हा थर्मामीटर 'पॅगोडा' नावाच्या मोठ्या लाकडी पेटीत असायचा, कडक उन्हात तो जरा जास्तच तापमान दाखवायचा. मग पेटी बदलली, १९५१ मध्ये जागाही थोडी सरकली. २०१६ मध्ये संस्थेने उत्तरेकडच्या एल्डे केंद्राच्या आधाराने जुने दैनिक आकडे दुरुस्त केले तेव्हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या २३ लाटांपैकी फक्त ७ उरल्या. टीकाकार म्हणतात दुरुस्ती जास्त झाली, एल्डे खूप लांब, तिथलं हवामान वेगळं. दुरुस्तीची गरज होती हे बहुतेकांना मान्य आहे, प्रश्न ती किती करायची याचा, आणि तिथे टीकाकारांचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नाही. अलीकडची तापमानवाढ मात्र या वादावर अवलंबून नाही, २५ जुलै २०१९ ला डे बिल्टला ३७.५ नोंदलं गेलं (त्याच दिवशी खीलझे-रायेनला ४०.७, देशाचा उच्चांक).

दुसरा वाद जुना, एक वादळ नेमकं कसलं होतं याचा. १ ऑगस्ट १६७४ च्या संध्याकाळी वादळाने डोम या शहरातल्या मुख्य चर्चचा मधला भाग पाडला. तारीख आजच्या कॅलेंडरची, त्यावेळी उत्रेख्तमध्ये जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं म्हणून समकालीन कागदांत २२ जुलै सापडते, गोंधळून जाऊ नये. पैशांअभावी त्या भागाला बाहेरच्या आधारकमानी कधी बांधल्याच नव्हत्या त्यामुळे तो कोसळला, ११२ मीटरचा मनोरा मात्र उभा राहिला आणि तेव्हापासून चर्चपासून तुटलेलाच आहे. बराच काळ याला चक्री वावटळ (टॉर्नेडो) म्हणत, कारण नुकसान प्रचंड होतं. पण त्याच संध्याकाळी फ्रान्सच्या उत्तरेपासून बेल्जियम ओलांडून आम्स्टरडॅमपर्यंत पडझड झाल्याच्या नोंदी आहेत, एवढा लांब रुंद पट्टा एका वावटळीचा असणं अवघड. २०१७ च्या एका अभ्यासात धनुष्याच्या आकाराची वादळी ढगांची रांग आणि ढगातून खाली आपटणारा वारा असं चित्र मांडलंय, ते जास्त पटतं. अर्थात त्या रांगेत एखादी छोटी वावटळही असू शकते. सॅफ्टलेव्हन या चित्रकाराने अवशेषांची रेखाटनं केली, तीच आज नुकसानीचा मुख्य पुरावा. ढिगारा १८२६ पर्यंत तसाच पडून होता, आता तिथे डोमप्लाइन चौक आहे.

बर्फ पडला तरी फार टिकत नाही. कालव्यांवर स्केटिंग करण्याइतका जाड थर जमणं अलीकडे दुर्मिळ झालंय.