इमिग्रंट व्हिसाची वैद्यकीय तपासणी

कायमच्या वास्तव्यासाठी दुसऱ्या देशात जाणाऱ्याला व्हिसा मिळण्यापूर्वी त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरांकडे करून घ्यावी लागणारी तपासणी. बोलताना तिला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात. ही नोंद मुख्यतः अमेरिकेच्या तपासणीविषयी आहे, कारण महाराष्ट्रातली पुष्कळ कुटुंबे मुलांच्या किंवा भावंडांच्या मागे तिकडे जातात आणि भारतातल्या बहुतेक इमिग्रंट व्हिसांच्या मुलाखती मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होतात. भावंडांच्या वर्गात भारतीयांना पंधरा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते. अर्ज भरताना चाळिशीत असलेला माणूस मेडिकलला येतो तेव्हा साठीला टेकलेला असतो. मधल्या काळात मधुमेह आलेला असतो, कुणाची बायपास झालेली असते, जुन्या फायली दोन घरे बदलताना हरवलेल्या असतात. तपासणीची भीती वाटते ती यामुळेच, आणि ती बरीचशी अनाठायी असते.

तपासणारे डॉक्टर ‘पॅनेल फिजिशियन’ म्हणून ओळखले जातात. त्यांची नेमणूक वकिलात करते आणि काय तपासायचे हे सीडीसी ही अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था ठरवून देते. घरच्या डॉक्टरांचा दाखला कितीही चांगला असला तरी चालत नाही. हे डॉक्टर व्हिसा देत नाहीत आणि नाकारतही नाहीत. ते अहवाल पाठवतात, निर्णय वकिलातीतला अधिकारी घेतो. अमेरिकेत राहून ग्रीन कार्डासाठी अर्ज करणाऱ्यांची तपासणी तिथले ‘सिव्हिल सर्जन’ करतात, ती प्रक्रिया निराळी.

या तपासणीला संपूर्ण आरोग्य तपासणी समजू नये. कोलेस्टेरॉल किंवा मूत्रपिंडांचे काम हा तिचा विषय नाही. कायद्याने प्रवेशास अपात्र ठरवणारे काही आहे का, हे ती शोधते. असे काही आढळले तर तो ‘क्लास ए’ आणि व्हिसा अडतो. आजार आहे पण कायद्याची आडकाठी नाही, तर ‘क्लास बी’. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयाची शस्त्रक्रिया, बरा झालेला कर्करोग यांची जागा फार तर क्लास बीमध्ये. साखर वाढलेली निघाली म्हणून मेडिकलमध्ये नापास होईन, या धास्तीने आठवडाभर गोळ्यांचे डोस स्वतःच वाढवणारे ज्येष्ठ भेटतात. तसे अजिबात करू नये. साखरेमुळे क्लास ए होत नाही, आणि वाढवलेल्या डोसाने घेरी येऊन पडायची पाळी मात्र येऊ शकते.

इतिहास

प्रवाशाला बंदरावर तपासून परत पाठवण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेच्या १८९१च्या कायद्याने ‘किळसवाणा किंवा धोकादायक सांसर्गिक रोग’ असणाऱ्यांना प्रवेश बंद केला आणि १८९२मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर तपासणीचे ठाणे उघडले. तिथले डॉक्टर जिना चढून येणाऱ्यांकडे काही सेकंद पाहत आणि संशय आला की कोटावर खडूने अक्षर काढत: हृदयासाठी एक, लंगडेपणासाठी दुसरे, डोळ्यांसाठी तिसरे. खुपऱ्या शोधण्यासाठी बुटांची बटणे लावायच्या आकड्याने पापण्या उलटवत. पहिल्या-दुसऱ्या वर्गाचे प्रवासी बहुधा जहाजावरच सुटत. ठाण्यावर यावे लागे ते तळाच्या वर्गाला.

पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात आशियाई लोकांची तपासणी होई. तिथे अंकुशकृमीच्या निदानाचा वापर भारतीयांना, विशेषतः पंजाबी मजुरांना, परत पाठवण्यासाठी झाला. हा जंत औषधाने जाणारा होता. त्याच्या आडून नको असलेली माणसे वगळली गेली, असेच म्हणावे लागते. मराठी माणसांचा अशा तपासणीशी संबंध त्याहूनही जुना आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मुंबईमार्गे मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांनाही, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांनाही, डॉक्टरांसमोर उभे राहावे लागे. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर रुग्णालयाच्या इमारतीचे अवशेष आजही दिसतात.

अमेरिकेच्या १९२४च्या कायद्यानंतर तपासणी बंदरावरून उठून निघण्याच्या देशात आली. समुद्र ओलांडल्यावर परत फिरण्यापेक्षा घरूनच कळलेले बरे, हा त्यातला माणुसकीचा भाग. पुढे यादीही बदलत गेली. १९८७मध्ये घातलेली एचआयव्हीची बंदी ४ जानेवारी २०१० रोजी उठली. अपात्र ठरवणाऱ्या संसर्गजन्य रोगांत आज मुख्यतः सांसर्गिक अवस्थेतला क्षय, उपचार न घेतलेला उपदंश (सिफिलिस), परमा (गनोरिया) आणि संसर्गक्षम कुष्ठरोग राहिले आहेत.

तयारी आणि तपासणीचा दिवस

मुलाखतीची तारीख मिळाली की वेळ घ्यावी आणि मुलाखतीआधी निदान दोन आठवडे हाताशी ठेवावेत. मान्यताप्राप्त केंद्रे मोजक्याच शहरांत असल्याने नांदेड किंवा कोल्हापूरची मंडळी रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी थेट केंद्रावर पोहोचतात. त्यापेक्षा एक रात्र नातेवाइकांकडे काढलेली बरी. बरोबर मूळ पासपोर्ट, मुलाखतीचे पत्र, फोटो, लसीकरणाची कागदपत्रे, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, शस्त्रक्रियांचे डिस्चार्ज कार्ड आणि छातीचे जुने एक्स-रे असावेत. उपाशीपोटी जायची गरज नसते. मधुमेहींनी तर खाऊनच जावे, कारण रांगेत दुपार होते.

आधी ओळख पटवली जाते आणि प्रश्न विचारले जातात: आजार, शस्त्रक्रिया, मानसोपचार, दारू, अमली पदार्थ. मग उंची, वजन, रक्तदाब, नजर, छातीवर स्टेथोस्कोप, पोटाची आणि कातडीची तपासणी. १८ ते ४४ वयोगटात उपदंशासाठी रक्त घेतात, १८ ते २४ वयोगटात परम्यासाठी लघवी. एक्स-रेच्या खोलीत कमरेपर्यंतचे कपडे काढून गाऊन घालावा लागतो आणि गळ्यात काहीही चालत नाही. मंगळसूत्र काढायला ज्येष्ठ बायकांना जड जाते. कित्येकींनी लग्नापासून ते उतरवलेले नसते. धातूची सावली फुप्फुसाच्या वरच्या भागावर पडते आणि क्षयाचा डाग नेमका तिथेच शोधायचा असतो. हे तंत्रज्ञाने दोन वाक्यांत सांगितले तर बाई शांतपणे ते काढून सुनेच्या हातात देतात. मग हनुवटी वर, खांदे पुढे, ‘श्वास घ्या… धरा… सोडा’, आणि काम संपले.

गरोदर स्त्रीला एक्स-रे पुढे ढकलता येतो, किंवा तिची संमती असेल तर पोटावर शिशाचे आवरण ठेवून काढता येतो. पुढे ढकलला तर व्हिसाही थांबतो.

क्षय: तपासणीचा गाभा

भारतात होणाऱ्या मेडिकलचा खरा भार क्षयावर आहे. १५ वर्षांच्या आणि त्यावरील प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे होतो. ज्या देशांत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला क्षयाचे २० किंवा अधिक नवे रुग्ण आढळतात, तिथल्या २ ते १४ वर्षांच्या मुलांची ‘इग्रा’ ही रक्तचाचणी करतात. भारत त्यात मोडतो. २०१८पर्यंत मुलांच्या हातावर सुई टोचून दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजत. आपल्याकडे जन्मतःच क्षयाविरुद्धची बीसीजी लस दिली जात असल्याने त्या चाचणीत निरोगी मुलेही ‘पॉझिटिव्ह’ दिसत. इग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही, म्हणून ती आली. दंडावर बीसीजीचा व्रण आहे म्हणून तपासणीतून सूट मात्र मिळत नाही.

एक्स-रेमध्ये ‘डाग’ दिसला की घरात सुतक पडल्यासारखे होते. डाग म्हणजे चालू क्षयच, असे मुळीच नाही. तीस वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या क्षयाचा, एखाद्या जुन्या न्यूमोनियाचाही व्रण फुप्फुसावर राहतो. आजार जागा आहे की विझलेला, हे एक्स-रेवरून ठामपणे सांगता येत नाही, म्हणून थुंकी तपासतात. लागोपाठ तीन दिवस, सकाळी, केंद्रातल्या कर्मचाऱ्यासमोर मोकळ्या हवेत किंवा खास कक्षात उभे राहून नमुना द्यायचा. तो खोल खोकून छातीतून आलेला हवा. तोंडातली लाळ चालत नाही. काचेवरची तपासणी लवकर होते, पण जंतू वाढतात का ते पाहण्याच्या कल्चरला आठ आठवड्यांपर्यंत लागतात. त्या काळात मुलाखत झालीच तरी हातात अमेरिकी कायद्याच्या कलम २२१ (जी)चे पत्र पडते. हा कायमचा नकार नव्हे, अहवाल येईपर्यंतची अडवणूक असते.

डाग दिसल्यावर एक चूक होते आणि तिच्याविषयी कळकळीने सांगितले पाहिजे. घाबरलेली माणसे बाहेरच्या डॉक्टरकडे जाऊन थुंकी द्यायच्या आधीच क्षयाच्या गोळ्या सुरू करतात. त्याने जंतू दबतात, कल्चरचा भरवसा उरत नाही आणि प्रकरण महिन्यांनी लांबते. उपचार लागलेच तर ते पॅनेलच्या देखरेखीखाली, प्रत्येक डोस कर्मचाऱ्यासमोर गिळून घ्यावे लागतात आणि साधारण सहा महिने चालतात. ते पूर्ण होऊन थुंकी स्वच्छ आली की वाट मोकळी होते. एका घरातल्या आईला क्षय निघाला तर बरोबर जाणाऱ्या बाकीच्यांचीही संपर्क म्हणून तपासणी होते.

पूर्वी क्षय झाला असेल तर तो सांगावा. आपल्याकडे हा आजार लग्नात, नोकरीत, शेजारात इतका लपवला जातो की डॉक्टरसमोरही ‘तसं काही नव्हतं’ हेच तोंडातून निघते. फुप्फुसावरचा व्रण मात्र लपत नाही. डॉट्सचे जुने कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, त्या काळचा एक्स-रे यांतले काहीही सापडले तर जपून न्यावे. जुन्या आणि नव्या एक्स-रेत डाग जसाच्या तसा दिसला तर तपासणाऱ्याला मोठा आधार मिळतो, थुंकीची तपासणी टळली नाही तरी.

लसी

लशींची अट १९९६च्या कायद्याने आली. वयानुसार गोवर-गालगुंड-रुबेला, पोलिओ, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, कावीळ बी, कांजिण्या, हंगामात फ्लू, ज्येष्ठांना न्यूमोकोकल अशी यादी असते. कोविडची लस ऑक्टोबर २०२१मध्ये यादीत आली आणि २०२५मध्ये वगळली गेली. बहुतेक प्रौढ मराठी माणसांकडे कार्ड नसते, आणि असले तरी त्यावर ‘त्रिगुणी’, ‘पोलिओ’, ‘गोवर’ एवढेच असते. त्रिगुणी म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात. ते डॉक्टरांना सांगावे. नुसत्या गोवराच्या लशीने गालगुंड आणि रुबेलाची अट मात्र पूर्ण होत नाही.

कार्ड नाही म्हणून घाबरायचे कारण नाही. सबंध मालिका पूर्ण करायची नसते. ज्या लशीचा पुढचा डोस देय आहे तो घेतला की अट भागते, उरलेले डोस तिकडे गेल्यावर. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर ते सांगावे, शंका असेल तर रक्तात प्रतिपिंडे तपासता येतात. गरोदरपणात गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या जिवंत लसी देत नाहीत. तशी नोंद होते आणि सूट मिळते. जिवंत लसी एकाच दिवशी किंवा मग २८ दिवसांच्या अंतराने द्याव्या लागतात, म्हणून चार दिवस आधी गल्लीतल्या दवाखान्यात घाईने एखादी टोचून घेणे अंगाशी येऊ शकते.

नशा हा तरुणांच्या बाबतीत अडणारा विषय. गांजा अमेरिकेच्या काही राज्यांत कायदेशीर असला तरी संघराज्याच्या कायद्यात नाही, आणि व्हिसा संघराज्याचा. गेल्या १२ महिन्यांतले सेवन क्लास ए ठरू शकते. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली असेल तर वेगळे मूल्यमापन होते.

इतर देश

कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड ‘ई-मेडिकल’ या संगणकीय व्यवस्थेतून अहवाल घेतात. तिथे संसर्गाबरोबर खर्चही पाहतात: अर्जदाराच्या उपचारांचा सरकारी आरोग्यसेवेवर किती बोजा पडेल? या निकषाने अपंग मूल असलेल्या कुटुंबांवर अन्याय होतो अशी टीका वाढल्यावर कॅनडाने २०१८मध्ये खर्चाची मर्यादा तिप्पट केली. ब्रिटन सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्या भारतीयांकडून फक्त क्षयाचा दाखला मागतो. रत्नागिरी-रायगडातून आखातात जाणाऱ्यांचे ‘गामका’ मेडिकल, आताचे वाफिद, सर्वांत कठोर. तिथे कावीळ बी किंवा एचआयव्ही निघाला की ‘अनफिट’, आणि बऱ्या झालेल्या क्षयाच्या जुन्या डागानेही नोकरी जाते. एजंटाला कर्ज काढून पैसे दिलेल्या माणसावर त्या एका शब्दाने आभाळ कोसळते. म्हणून पैसे भरण्याआधी साधा एक्स-रे काढून पाहणे शहाणपणाचे.

निकालानंतर

अहवाल पूर्वी बंद पाकिटात अर्जदाराच्या हाती देत आणि ते फोडले की बाद होई. आता तो बहुधा थेट वकिलातीत जातो. अमेरिकेच्या तपासणीची मुदत साधारण सहा महिने असते, क्षयाच्या काही वर्गांत तीनच. व्हिसाची मुदत तिच्याशी बांधलेली असल्याने मेडिकल फार आधी उरकणाऱ्याला प्रवासासाठी थोडेच दिवस उरतात. घर विकायचे किंवा निवृत्तीची रक्कम घ्यायची असेल त्याने हा हिशेब आधी मांडावा. एक्स-रेची सीडी दिली असेल तर ती मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी. क्लास बीचा क्षय नोंदलेल्या माणसाला तिथे पोहोचल्यावर स्थानिक आरोग्य खात्याकडून बोलावणे येते, आणि तिथले डॉक्टर सर्वांत आधी तीच सीडी मागतात.