शिकण्याचा कारभार विद्यार्थ्याकडे: कोकणातील माध्यमिक इंग्रजीची पार्श्वभूमी

विद्यार्थ्याने परकी भाषा शिकताना उद्दिष्ट स्वतः ठरवावे, साहित्य निवडावे आणि प्रगतीही आपणच तपासावी, ही अध्ययन-स्वायत्ततेची कल्पना मुळात शाळेसाठी मांडली गेली नव्हती. युरोप परिषदेने १९७१ मध्ये प्रौढांच्या भाषाशिक्षणासाठी हाती घेतलेल्या प्रकल्पातून फ्रान्समधील नॅन्सी विद्यापीठाचे केंद्र पुढे आले आणि तेथील आन्री होलेक यांनी १९७९ च्या अहवालात स्वायत्तता म्हणजे स्वतःच्या शिकण्याची सूत्रे हाती घेण्याची क्षमता, अशी व्याख्या केली. ही क्षमता उपजत नसते, ती मिळवावी लागते, असेही त्यांनी स्पष्ट केले होते. ‘मुलांना मोकळे सोडा’ एवढाच अर्थ घेणाऱ्यांच्या नजरेतून नेमका हाच भाग निसटतो.

शाळेच्या वर्गात ही कल्पना रुजवण्याचे मोठे श्रेय डेन्मार्कच्या शिक्षिका लेनी डाम यांना जाते. त्यांच्या इंग्रजीच्या वर्गात प्रत्येक मूल नोंदवही ठेवत असे, आज काय करायचे ठरवले, काय साधले आणि काय राहिले हे त्यात लिहीत असे आणि शिक्षक त्यावर लेखी प्रतिसाद देत असत. शिक्षकाचे काम यात कमी झाले नव्हते, उलट वाढले होते.

कोकणाचा इंग्रजीशी संबंध जुना आहे. देवगडजवळच्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये मुंबईत ‘दर्पण’ काढले, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. सामान्य विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र इंग्रजी आले ते व्याकरण, भाषांतर आणि पाठांतर यांच्या वाटेने. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने ते आठवीपासून सुरू करण्याचे धोरण घेतले, पुढे ते पाचवीवर आले आणि २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. वर्षे वाढली, पण काय, कधी आणि कसे शिकायचे हे ठरवण्याचा अधिकार पाठ्यपुस्तक आणि परीक्षा यांच्याकडेच राहिला.

भारतात वेगळा प्रयत्न झाला तो भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पात, १९७९ ते १९८४ या काळात. दक्षिणेतील साध्या शाळांत मुले नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रके वाचून प्रश्न सोडवत आणि त्या ओघात इंग्रजी शिकत. कामाची निवड शिक्षकच करीत असल्याने याला पूर्ण स्वायत्तता म्हणता येणार नाही. तरीही विचार करण्याचे काम मुलाकडे गेले, हे मला फार मोलाचे वाटते.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतः घडवते हा विचार, मुख्य प्रवाहात आणला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाला बळ दिले, परंतु तो कायदा आठवीपर्यंतच लागू असल्याने नववी-दहावी, म्हणजे हायस्कूलचा गाभाच, त्याच्या कक्षेबाहेर राहिला. तिथे बोर्डाची परीक्षा ठाण मांडून आहे. कोकण विभागाचा दहावीचा निकाल वर्षानुवर्षे राज्यात अव्वल लागतो आणि माझ्या मते हे यशच बदलाच्या आड येते, कारण सराव प्रश्नपत्रिका आणि गाईड यांवर उभी असलेली व्यवस्था निकाल देत असताना शिक्षकाने तासातला वेळ मुलांच्या निवडीवर सोपवावा, असे पालकांना पटवणे कठीण जाते. घरी मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणाऱ्या, वाडीवरून पायी शाळेत येणाऱ्या मुलाला तासाबाहेर इंग्रजी क्वचितच ऐकू येते. म्हणून आपणहून शिकण्याची सवय त्याला शहरातल्या मुलापेक्षा अधिक गरजेची आहे. विखुरलेल्या वस्तीमुळे अनेक शाळांचा पट लहान असतो; एरवी ती चिंतेची बाब, पण प्रत्येकाची नोंदवही वाचायची तर असाच वर्ग हवा.

दहावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० शाळेकडून होणाऱ्या मूल्यमापनाचे असतात. हे २० गुण २०१९ च्या परीक्षेपुरते काढून घेतले गेले आणि पुढच्याच वर्षी परत आले. मुलाने स्वतः निवडलेल्या वाचनाला आणि त्यावरच्या बोलण्याला बोर्डाच्या चौकटीत थारा देता येईल तो याच २० गुणांत.