गोव्याची गर्दी: आधी कोण गेले, मग कोण आले

गोव्यातल्या कुठल्याही ग्रामसभेला जाऊन बसा, अर्ध्या तासात ‘भायले’ हा शब्द कानावर पडतोच. नळाला पाणी नाही, कचरा रस्त्यावर आला, शेतात भर घालून भाड्याच्या खोल्या उठल्या, की बोट भायल्यांकडे. भायले म्हणजे बाहेरचे. कोण कधी बाहेरून आला, यावर मग तावातावाने बोलणं होतं. या बोलण्यात जनगणनेतला एक रकाना मात्र सहसा कुणी उघडत नाही, तो स्त्री-पुरुष प्रमाणाचा.

पोर्तुगीजांनी १९५० साली केलेल्या गणनेत गोव्यात हजार पुरुषांमागे १,१२८ स्त्रिया होत्या. १९६० मध्ये १,०६६. पुढची गणना भारत सरकारची, १९७१ ची, आणि तिथे आकडा एकदम ९८१. अकरा वर्षांत बायका कुठे गेल्या? कुठेच नाहीत. १९६० पर्यंत गोव्याचे पुरुष बाहेर होते, १९७१ पर्यंत बाहेरचे पुरुष गोव्यात आले होते. गोव्याच्या लोकसंख्येचा सगळा इतिहास या तीन आकड्यांच्या मागेपुढे आहे.

सुरुवात मात्र बरीच आधीची. १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा शहर घेतलं. १५४३ पर्यंत तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी पोर्तुगीजांच्या हाती आली. या ‘जुन्या काबिजादी’, म्हणजे आधी जिंकलेले प्रदेश. इथे देवळं पाडली गेली, धर्मांतरं झाली, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं. ज्यांना हे नको होतं त्यांनी रातोरात देव उचलले आणि नदी ओलांडली. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. पलीकडचा फोंडा महाल तेव्हा आदिलशाहीत होता. आज मंगेशीला पर्यटकांच्या बसगाड्या रांगेने उभ्या राहतात. त्या देवळातला देव स्थलांतरित आहे हे बसमधल्यांना ठाऊक नसतं, आणि आम्हा गोमंतकीयांना ठाऊक असूनही ‘भायल्यां’वर बोलताना आठवत नाही. आणखी लोक दक्षिणेला कारवार, मंगळूर, पार कोचीपर्यंत गेले. तिकडे आजही घरात कोकणी बोलतात.

फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण हे महाल १७६३ ते १७८८ या काळात पोर्तुगीजांना मिळाले. या ‘नव्या काबिजादी’. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, त्यामुळे इथली देवळं राहिली आणि देवळांबरोबर कीर्तन, पोथी, दशावतारी काला आणि मराठीही राहिली. एका टिचभर प्रदेशात (सगळा गोवा मिळून ३,७०२ चौरस किलोमीटर) असे दोन गोवे तयार झाले. एक सासष्टी-बारदेशातला, चर्चच्या घंटेवर चालणारा. दुसरा जत्रा-पालखीच्या तिथींवर. ‘गोव्याची संस्कृती’ असं एकवचनी कुणी बोललं की मला नेहमी विचारावंसं वाटतं, कुठल्या तालुक्याची?

साथीच्या रोगांनी जुनं गोवा शहर ओस पडलं आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला आली. पण एकोणिसाव्या शतकातली खरी गोष्ट राजधानीची नाही, बाहेर जाण्याची आहे. जमीन गावकारीची (गावाच्या सामुदायिक संस्थेची) किंवा भाटकाराची (जमीनदाराची), उद्योग जवळजवळ नाहीत, आणि शेजारी ब्रिटिशांची मुंबई वाढते आहे. १८८० च्या दशकात मुरगावचं बंदर आणि रेल्वे आली. तिने गोव्यात उद्योग फारसे आणले नाहीत, माणसं बाहेर न्यायला मात्र मदत केली. बारदेश-सासष्टीतले ख्रिस्ती तरुण आचारी, बटलर, वादक, शिंपी होऊन मुंबईला गेले. जहाजावर गेले ते ‘तारवटी’.

या लोकांनी मुंबईत धोबी तलाव, माझगाव भागात ‘कूड’ काढले. एकेका गावाचा एकेक कूड. एक मोठी खोली, भिंतीपाशी वेदी, तीवर गावातल्या संताची मूर्ती, आणि जमिनीवर ओळीने पत्र्याच्या ट्रंका. ज्याची ट्रंक तिथे त्याची जागा. तो जहाजावर गेला तरी ट्रंक तिथेच, महिन्याची वर्गणी चालू. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून लादाय्न, म्हणजे प्रार्थना म्हणायची. मुंबईकरांच्या लेखी हे सगळे भायलेच होते. एका खोलीत वीस-तीस जण राहतात अशी तक्रार तेव्हाही होत असणारच.

हिंदू गोमंतकीयही मागे नव्हते. दुकानदार, कारकून, छापखान्यातले खिळे जुळवणारे गेले. कलावंत घराण्यांतल्या गायिका गेल्या. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर ही आडनावं नीट वाचली तर प्रत्येकात गोव्यातलं एक गाव आहे: केरी, कुर्डी, मंगेशी. त्यातलं कुर्डी पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथले जुने रहिवासी देवळापाशी आणि चॅपेलपाशी जमतात, पण ती वेगळीच कहाणी.

बाहेर जाण्याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. १९०० साली गोव्याची लोकसंख्या ४,७५,५१३ होती. १९१० मध्ये ४,८६,७५२, आणि १९२१ मध्ये ती उलट घटून ४,६९,४९४ झाली. मधे इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली होती, पण एवढं एकच कारण नव्हतं. १९६० मध्ये ५,८९,९९७. साठ वर्षांत जेमतेम चोवीस टक्के वाढ! आमच्याकडच्या जुन्या माणसांना घरातल्या कर्त्याबद्दल विचारलं की पहिलं उत्तर ‘तो मुंबय आसा’ हेच यायचं. घर चालवायची ती बाई. शेतावर मजूर लावणं, भाटकाराला तोंड देणं, पोराला शाळेत घालणं सगळं तिच्याकडे. १,१२८ हा आकडा म्हणजे या बायका.

चित्र पालटायला १९६१ च्या थोडं आधीच सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर डिचोली, सत्तरी, सांगे भागात लोहखनिजाच्या खाणी सुरू झाल्या आणि मांडवी-जुवारीतून बार्जी धावू लागल्या. खाणीवर घाम गाळायला गावातली माणसं अपुरी पडली (ती मुंबईत आणि आफ्रिकेत होती), म्हणून घाटावरून, कर्नाटकातून मजूर आले. मग १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि हद्दच उघडली.

मुक्तीनंतरच्या दशकाबद्दल एक गैरसमज दिसतो की गर्दी पर्यटनाने आली. पर्यटन नंतरचं. आधी आलं ते सरकार. पोर्तुगीजांनी रस्ते, पूल, शाळा, वीज यांत जे साडेचारशे वर्षांत केलं नव्हतं ते पाच-दहा वर्षांत करायचं होतं. अभियंते, शिक्षक, पोलीस, मामलेदार, रस्त्यावर खडी फोडणारे बेलदार, सगळे हवे होते. १९६३ च्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांनी खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, बहुजन समाजाच्या कितीतरी घरांत पहिली पाटी तेव्हा आली. त्याचबरोबर महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर अधिकारी आणले. हे ‘डेप्युटेशनवाले’ पुष्कळांना खुपले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं हा प्रश्न होता. संघप्रदेशाला १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाला १,३८,१७०. भाषा, धर्म, जमीन सगळं त्या मतदानात होतं, पण मोठ्या राज्याच्या गर्दीत आपण हरवू ही धास्तीही होतीच. हरणाऱ्यांत आमचं घर होतं. वडील त्या दिवसाबद्दल फारसं बोलत नसत.

गर्दी मात्र कौल बघून थांबली नाही. १९७१ मध्ये लोकसंख्या ७,९५,१२० झाली, अकरा वर्षांत जवळजवळ पस्तीस टक्के वाढ. १९८१ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. वास्को-मुरगावचा भाग सगळ्यांत आधी बदलला: बंदर, विमानतळ, नौदल, जहाजबांधणी आणि १९७३ मध्ये सांकवाळला खताचा कारखाना. वास्कोच्या बाजारात तेलुगू, कन्नड, मल्याळम, हिंदी एकदम ऐकू येते. तिथला दामोदराचा भजनी सप्ताह प्लेगच्या साथीतून सुरू झाला त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. चोवीस तास अखंड भजन चालतं, वेगवेगळ्या समाजांचे ‘पार’ मिरवत येतात. वास्कोच्या गल्लीत जन्मलेला तेलुगू पोरगा टाळ वाजवतो तेव्हा कुणी त्याला भायला म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी नोकरीच्या रांगेत उभा राहिला की लगेच पंधरा वर्षांच्या रहिवाशी दाखल्याचा प्रश्न येतो.

किनाऱ्यावर साठच्या दशकाअखेरीस हिप्पी आले, ऐंशीच्या दशकात चार्टर विमानं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. हॉटेल बांधणारा, चालवणारा, त्यातली भांडी घासणारा असे सगळे थर बाहेरून येत गेले. त्यामागोमाग दिल्ली-मुंबईचे ‘सेकंड होम’वाले. गंमत अशी की ग्रामसभेत राग निघतो तो भांडी घासणाऱ्यावर. डोंगर कापून बंगला बांधणाऱ्याला साहेब म्हणतात. अपवाद २००६-०७ चा. जमिनीचा वापर ठरवणाऱ्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’विरुद्धचं आंदोलन थेट जमिनीच्या व्यवहारावर गेलं आणि सरकारला आराखडा रद्द करावा लागला.

या सगळ्यात गोवा शहर कधी झाला ते कळलंच नाही. मोठं शहर एकही नाही, पणजी महापालिकेची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. पण २०११ च्या जनगणनेत ६२ टक्के गोवेकर शहरी निघाले, देशातल्या राज्यांत सर्वाधिक. २००१ मध्ये ४४ शहरं होती, ती ७० झाली. त्यातल्या ५६ ठिकाणी अजून ग्रामपंचायतच आहे. म्हणजे वस्ती शहराची, कचरा शहराचा, आणि तो उचलायला पंचायत. म्हापशाहून पर्वरीमार्गे पणजीला, पुढे मडगावपर्यंत जाताना दुकानांच्या पाट्या संपतच नाहीत. मधे एखादं भातशेत दिसतं, त्यालाही ‘विकणे आहे’चा फलक असतो.

२०११ मध्ये लोकसंख्या १४,५८,५४५ होती आणि दशकातली वाढ अवघी सव्वाआठ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्याचा जननदर बाईमागे १.३ आला, म्हणजे नुसत्या जन्मांवर गोवा आक्रसत जाईल. भाषांचे आकडे तर आणखी बोलके. २००१ मध्ये मराठी मातृभाषा सांगणारे २२.६ टक्के होते, २०११ मध्ये १०.९. कोकणी ५७ वरून ६६ वर गेली, हिंदी दहाच्या वर. एका दशकात दीड लाखाच्या आसपास मराठी माणसं काही गोवा सोडून गेली नाहीत. घरात कोकणी बोलायची आणि पेपर, पोथी, आरती मराठीत, अशा माणसाने रकान्यात आधी मराठी सांगितलं, नंतर कोकणी. कोकणीला राजभाषा करणाऱ्या १९८७ च्या कायद्यानंतरच्या पिढीने तो प्रश्न असा सोडवला.

आणि जाणं पुन्हा सुरू आहे. आधी आखात, आता इंग्लंड. १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, त्या पासपोर्टवर सासष्टीतली घरंच्या घरं स्विंडनला गेली. ब्रेक्झिटनंतर ती वाट अरुंद झाली, बंद नाही. बंद घराची चावी असते राखणदाराकडे, तो झारखंडचा. सकाळी सायकलवर भोंगा वाजवत उंडे (गोल पाव) घेऊन येणारा पोदेर, म्हणजे पाववालाही आता पुष्कळदा कर्नाटकातला असतो. भट्टी त्याने भाड्याने घेतली आहे, कारण जुन्या पोदेराचा मुलगा जहाजावर आहे.

आमच्या वाड्यावर बांदोडकरांच्या काळातली मराठी प्राथमिक शाळा आहे. गावातली मुलं इंग्रजी शाळेत जातात, म्हणून ती दोनदा बंद पडायला आली होती. मागच्या जूनमध्ये काही कामाने गेलो तेव्हा चौथीत अकरा मुलं होती. आठ जणांच्या घरात कन्नड किंवा लमाणी, दोघांच्या हिंदी. टीचर फळ्यावर मराठी कविता लिहीत होत्या आणि अर्थ कोकणीत सांगत होत्या. मुलं ‘हय टीचर’ म्हणत होती.