प्लस-मायनस की आयएसओ? फोटो काळा आला तर काय फिरवायचं

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर काळीभोर म्हैस उभी आहे आणि बाजूला फेसाळ दुधाचा पेला. कॅमेरा ए मोडवर आहे, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडायचं ते) तुम्ही ठरवायचं आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. कॅननवर याच मोडला एव्ही म्हणतात. म्हैस चौकटभर घेतली तर फोटोत ती अंगाला राख फासल्यासारखी येते. पेला चौकटभर घेतला तर दूध मळकट येतं. मग हात जातो आयएसओकडं: ४०० वरून थेट १६००. पुन्हा फोटो काढला, तर दूध तितकंच मळकट. इथं लोक लेन्सला, बॅटरीला आणि शेवटी दुकानदाराला दोष देऊन मोकळे होतात. त्या जागी प्लस-मायनसचं बटण धरून +१ केलं असतं, तर काम झालं असतं.

ह्या दोन कंट्रोलची गल्लत होते कारण पहिल्या दिवशी दोन्हींबद्दल एकच वाक्य कानावर पडतं: ‘हे वाढवलं की फोटो उजळतो.’ प्लस-मायनस, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, याबद्दल ए, एस आणि पी या मोडवर ते खरं आहे. ठरावीक आकड्यावर ठेवलेल्या आयएसओबद्दल मात्र ते एरवी फक्त एम मोडवर खरं आहे, जिथं सगळं हातानं ठरवायचं असतं.

मीटर काय बघतो

कॅमेऱ्यातल्या मीटरला म्हैस कळत नाही की दूध. समोरून किती उजेड परत येतोय एवढंच तो मोजतो, आणि अख्खी चौकट सरासरीनं मधल्या राखाडीवर आणून ठेवतो. जुन्या हिशेबात ही राखाडी १८ टक्के उजेड परतवणारी धरतात. माणसं, झाडं, रस्ता, भिंती असं मिसळीसारखं सगळं एकत्र असेल तर हा हिशेब बरोबर बसतो. चौकट एकाच रंगानं भरली की फसतो. काळं दिसलं की मीटरला वाटतं उजेड कमी आहे, म्हणून तो जास्त घेतो आणि म्हैस राखाडी होते. पांढरं दिसलं की उजेड कमी घेतो आणि दूध राखाडी होतं. म्हणून उलटं वाटलं तरी लक्षात ठेवायचं: पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस.

प्लस-मायनसनं तुम्ही मीटरला सांगता की तुझ्या राखाडीपेक्षा हे इतकं उजळ किंवा इतकं गडद ठेव. +१ म्हणजे एक स्टॉप, दुप्पट उजेड. −१ म्हणजे निम्मं. मधल्या पायऱ्या ०.३ आणि ०.७ च्या असतात.

आयएसओचं काम निराळं. सेन्सरवर पडलेल्या उजेडाचा जो सिग्नल तयार होतो, तो किती वाढवून घ्यायचा हे आयएसओ ठरवतो. आकडा दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला. पण ए मोडवर मीटर जागा असतो. आयएसओ वाढला हे त्याला लगेच कळतं आणि तो तेवढ्याच मापात शटर वेगवान करतो. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं. फोटोचा उजळपणा जिथल्या तिथं राहतो.

घरी पडताळून बघायला पाच मिनिटं लागतात. खिडकीजवळ पांढरा टॉवेल पसरा, कॅमेरा ए मोडवर, अ‍ॅपर्चर एफ ५.६, ऑटो आयएसओ बंद, आयएसओ ४००. टॉवेल चौकटभर घेऊन फोटो काढा आणि शटरचा आकडा लिहून ठेवा. समजा १/२५० आला. आता आयएसओ १६०० करा. शटर १/१००० होईल, टॉवेल तसाच राखाडी. परत ४०० वर या आणि +१.३ द्या. शटर १/१०० होईल आणि टॉवेल धुतल्यासारखा दिसेल. हे तीन फोटो शेजारी ठेवून बघितले की पुढचं निम्मं समजावून सांगावं लागत नाही.

ही गल्लत रोलच्या काळातली

ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, तिथं स्टुडिओतल्या जुन्या हातांकडून कॅमेरा शिकलेले बरेच असणार. त्या पिढीची एक युक्ती होती. रोल १०० चा आणि एएसएची, म्हणजे रोलच्या संवेदनशीलतेची चकती मुद्दाम ५० वर. मीटरला वाटायचं रोल मंद आहे, तो दुप्पट उजेड घ्यायचा, आणि आजच्या भाषेत फुकटात +१ मिळायचा. रोलची संवेदनशीलता काही चकती फिरवून बदलत नाही, त्यामुळं ही मीटरला मारलेली सरळ थाप होती आणि ती चालायची. गंमत म्हणजे तिथं फोटो उजळ करायला आकडा कमी करायचा.

अमेरिकेचा एएसए आणि जर्मनांचा डीआयएन यांना १९७४ मध्ये आयएसओच्या एका मापात आणलं, आणि नाव डिजिटलपर्यंत तेच चालत आलं. डिजिटलमध्ये मात्र तो आकडा मीटरलाही कळतो आणि सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटलाही. थाप मारायला कुणी उरतच नाही. ‘काळा येतोय तर एएसए हलव’ हा जुना सल्ला आता निकामी झाला तो असा.

कुठल्या मोडवर काय हलतं

ए मोडवर अ‍ॅपर्चर तुमचं असतं, त्यामुळं प्लस-मायनस शटर बदलतं. एस मोडवर, म्हणजे कॅननच्या ‘टीव्ही’ (Tv) मोडवर, शटर तुमचं असतं, म्हणून अ‍ॅपर्चर बदलतं. पी मोडवर कॅमेरा दोन्हींत वाटणी करतो. एस मोडवर एक अडचण येते: लेन्स आधीच पूर्ण उघडी असेल तर प्लस द्यायला जागाच नसते. अ‍ॅपर्चरचा आकडा लुकलुकतो, आणि +२ दिलं तरी फोटो काळाच येतो. तिथं मात्र आयएसओच वाढवावा लागतो.

एम मोडवर आयएसओ ठरावीक असेल तर कॅमेऱ्याला बदलायला काहीच उरत नाही. प्लस-मायनस तिथं बंद असतं, किंवा नुसता मीटरचा काटा सरकतो आणि फोटो तोच येतो. एकाच चकतीच्या स्वस्त कॅननवर आणि निकॉनवर तर एम मोडला हेच बटण अ‍ॅपर्चर बदलतं. ए मोडवर पाठ केलेली हालचाल एम मोडवर केली की एफ ५.६ चा एफ ८ होऊन बसतो आणि फोटो का अंधारला ते कळत नाही.

ऑटो आयएसओ चालू असेल तर दोघांची गाठ पडते. ए मोडवर दुपारी +१ दिलं तर शटर मंद होतं. संध्याकाळी शटर आधीच किमान मर्यादेवर आलेलं असतं, तेव्हा तेच +१ आयएसओ ८०० चा १६०० करतं. मेनूत दोन मर्यादा घालून ठेवा: किमान शटर १/२५० आणि कमाल आयएसओ ६४००. दोन्ही मर्यादा संपल्या की कॅमेरा शटरची मर्यादा मोडतो आणि फोटो हलतो, हेही माहीत असू द्या.

बटणं कुठं? एकाच चकतीच्या कॅननवर मागे प्लस-मायनसची खूण असलेलं बटण धरून चकती फिरवायची. निकॉनवर ते शटर बटणाच्या जवळ असतं. सोनीच्या अल्फा ६००० वर मागच्या गोल चाकाची खालची कड दाबली की प्लस-मायनस, उजवी कड दाबली की आयएसओ. अंधारात अंगठा नेमका चुकीच्या कडेला जातो. फुजीफिल्मच्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर −३ ते +३ लिहिलेली वेगळी चकती वरच असते. ती पिशवीत आपोआप फिरते, हा तिचा एकच दोष.

आयएसओला खरंच हात लावायची जागा

तालीम. आत एखादी ट्यूब, एक खिडकी आणि लाल माती. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स एफ ५.६, आयएसओ ४००, ए मोड: शटर १/१५ येतं. फोटोचा उजळपणा ठीक असतो, पण डाव टाकणारा पैलवान म्हणजे नुसती रेघ. इथं +१ दिलं तर शटर १/८ होईल आणि फोटो आणखी हलेल. पकड गोठवायला १/५०० हवं, म्हणजे पाच स्टॉप. ते सगळे आयएसओतून काढले तर १२८०० लागतो आणि फोटोला दाणे येतात. ५० एमएमची एफ १.८ लेन्स एफ २ वर ठेवली तर तीन स्टॉप लेन्स देते, उरलेले दोन आयएसओ १६०० वर भागतात.

काहीजण आयएसओ वाढवायला घाबरून −१ देतात. शटर वेगवान होतं हे खरं, पण फोटो अंडर, म्हणजे हवा त्यापेक्षा गडद येतो आणि नंतर संगणकावर उजळवावा लागतो. दाणे मुळात आयएसओच्या आकड्यातून येत नाहीत, उजेड कमी पडल्यामुळं येतात. १६०० वर अंडर काढून उजळवलेला फोटो ३२०० वर नीट काढलेल्यापेक्षा चांगला निघत नाही, आणि जेपीईजी असेल तर बराच वाईट निघतो.

गावातल्या जागा, प्लस-मायनसचे आकडे

न्यू पॅलेसच्या काळ्या दगडाची भिंत चौकट व्यापत असेल तर −०.७ पासून सुरुवात करा. पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुकं असतं तेव्हा +०.७ ते +१, नाहीतर धुक्याचा धूर होतो. रंकाळ्यावर मावळतीकडं पाठ करून कुणी उभं असेल तर चेहऱ्यासाठी +१.३ लागतं, पण मग आकाश जळून पांढरं होतं. आकाशही हवं असेल तर प्लस देऊ नका, फ्लॅश टाका. फ्लॅशचं प्लस-मायनस वेगळं असतं, विजेची खूण असलेलं. ते फक्त फ्लॅशचा उजेड बदलतं. नुसत्या काळ्या आकृत्या हव्या असतील तर −१.

जोतिबाची चैत्र यात्रा हा वेगळाच मामला. गुलाल इतका भडक असतो की साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजळपणाचा आलेख, सगळं ठीक दाखवतो आणि तरी लाल चॅनेल उजव्या कडेला आपटून कापला जातो. मग गुलाल उडताना दिसत नाही, गुलाबी डाग दिसतो. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम लावा आणि −०.३ ते −०.७ वर राहा. लेन्स तिथं बदलू नका. सेन्सरवर बसलेला गुलाल कुठल्याच बटणानं जात नाही.

उजळपणा स्क्रीनवर डोळ्यांनी ठरवू नका. दुपारच्या उन्हात चांगला फोटोही काळा वाटतो आणि माणूस उगाच प्लस देतो. रात्री मिरवणुकीत अंडर फोटो झकास दिसतो, घरी आल्यावर कळतं. जळलेला भाग लुकलुकून दाखवणारा हायलाइट अलर्ट चालू ठेवा.

मागचं सेटिंग तसंच राहणं हा दोन्हींचा सामाईक रोग, पण लक्षणं वेगळी. काल संध्याकाळचं +१.३ राहिलं असेल तर आज सगळे फोटो सारखेच ओव्हर येतात. कॅमेरा बंद केल्यावर काही मॉडेलांत ते शून्यावर येतं, बऱ्याच मॉडेलांत येत नाही. आपला कॅमेरा बंद-चालू करून एकदा बघून घ्या. आयएसओ ६४०० राहिला असेल तर दाट सावलीत फोटो बरोबर येतो, फक्त दाणेदार. भर उन्हात एफ ५.६ वर मात्र शटर १/४००० ला अडकतं, आकडा लुकलुकतो आणि फोटो पांढराफटक येतो.

फोनवर बोटानं फोकस केल्यावर शेजारी जो सूर्य वर-खाली सरकतो, ते प्लस-मायनस. प्रो मोडमध्ये ईव्ही आणि आयएसओ वेगवेगळे दिसतात. बऱ्याच फोनमध्ये आयएसओ आणि शटर दोन्ही हातानं ठरवले की ईव्ही हलतच नाही, एम मोडसारखंच. ते परत चालवायचं तर दोन्हींपैकी एक ऑटोवर टाका.